फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद

प्रश्न असा आला आहे: "माझ्या मिस्टरांचं वय ५४. मधुमेह ९ वर्षांपासून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. एस.जी.ओ.टी. ४८, एस.जी.पी.टी. ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. नात्यातल्या एकांनी लिव्हर सांभाळायला हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, गुळवेलीचा रस आणि मिल्क थिसल आणून दिलं आहे. कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खराब करते, ती बंद करा असंही म्हणाले. झाडपाल्याचं आहे, तर घ्यायला काय हरकत आहे?"

ताई, तुमच्या पत्राच्या शेपटापासून सुरुवात करतो, कारण तातडीचं तेच आहे. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. मधुमेह आणि फॅटी लिव्हर एकत्र असलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका हृदयाचा असतो, लिव्हरचा नंबर त्यानंतर लागतो. ती गोळी म्हणजे बहुतेक स्टॅटिन असणार. एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. ही लिव्हरची एन्झाइम, लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढतात. एस.जी.पी.टी. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं तर आम्ही स्टॅटिनबद्दल फेरविचार करतो. ६४ तिथपर्यंत पोचत नाही. गेली २६ वर्षं मी मधुमेहाचेच पेशंट बघतो आहे. लिव्हरच्या काळजीपोटी स्टॅटिन सोडलेली आणि पुढे थेट ॲंजिओप्लास्टीच्या टेबलावर गेलेली माणसं त्यात आहेत. स्टॅटिनने लिव्हर गेलेला पेशंट मला तरी आठवत नाही.

आता अर्कांकडे येऊ. मी ॲलोपॅथीचा, म्हणजे झाडपाल्याला नाकं मुरडणार, असं समजू नका. माझं लहानपण कोकणात गेलं. ताप आला की आजी किराईताचा काढा पाजायची, आणि तो कडूपणा आजही जिभेच्या मुळाशी आहे. तुमचे मिस्टर घेतात ते मेटफॉर्मिनसुद्धा एका झाडाच्या घराण्यातलंच. गॅलेगा नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती युरोपात उगवते. तिच्यातल्या गॅलेजिन या द्रव्याने साखर उतरते, पण ते माणसाला झेपण्याजोगं नव्हतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची सौम्य भावंडं तयार केली, आणि त्यातलं मेटफॉर्मिन १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहासाठी पुढे आणलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचं मूळ फ्लोरिझिनमध्ये आहे, आणि ते १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलं होतं. झाडात औषध असतं, याबद्दल वाद नाहीच. वाद असतो तो कुठलं द्रव्य, किती आणि कोणत्या माणसाला, यावर.

लिव्हर वाचवायचं म्हणजे कशापासून वाचवायचं, हे आधी बघू. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन असूनही नीट काम करत नाही. त्यामुळे पोटावरच्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटून लिव्हरकडे वाहत राहतात. वर जेवणातल्या जादा साखरेपासून लिव्हर स्वतःही चरबी बनवतं. पेशींत चरबी साचते, ती जळताना पेशीला इजा करणारी द्रव्यं सुटतात, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण तयार होतो, काही जणांत सूज येते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथे व्रण धरतो. त्याला फायब्रोसिस म्हणतात. टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी असते. त्यातल्या थोड्यांनाच पुढे सिरॉसिस होतो, म्हणजे व्रणांनी सगळं लिव्हर कडक होतं, आणि त्यांना वेळेत ओळखणं हे खरं काम आहे. सोनोग्राफीतला 'ग्रेड २' फक्त चरबी किती दिसली ते सांगतो. व्रणाबद्दल तो गप्प असतो. ग्रेड १ वाल्याला सिरॉसिस असू शकतो आणि ग्रेड ३ वाल्याचं लिव्हर मऊ असू शकतं.

बहुतेक अर्कांचा दावा त्या ऑक्सिडेटिव्ह ताणावर असतो. तो ताण शमवणारा अँटिऑक्सिडंट दिला, पेशी वाचली. प्रयोगशाळेत हे घडतंही. 'मधुमेही उंदरांवर सिद्ध' असं लेबलवर लिहिलेलं असतं, तेही बहुधा खोटं नसतं. पण तो प्रयोग कसा होतो ते बघा. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. ते ग्लूट-२ या दारातून स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत शिरतं आणि ती मारतं. तेच दार लिव्हरच्या पेशींवरही आहे, म्हणजे उंदराच्या लिव्हरला मधुमेहाबरोबर त्या विषाचाही थेट मार बसतो. मग लगेच अर्क सुरू करतात, चार-सहा आठवड्यांत एन्झाइम उतरलेले दिसतात, आणि पेपर छापून येतो. यात अर्काने मधुमेहापासून वाचवलं की विषापासून, हे वेगळं काढणं अवघड असतं. शिवाय तो उंदीर इन्सुलिन संपलेला आणि रोडावलेला असतो. तुमच्या मिस्टरांना इन्सुलिन आहे, ते लागू पडत नाही, आणि माझ्या अंदाजाने पोटही सुटलेलं असेल. दोघांच्या आजाराला एकच नाव, एवढंच काय ते साम्य.

डोसची गंमत तर आणखी वेगळी. अशा प्रयोगांत उंदराला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला, दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क सर्रास देतात. माणसाचा डोस काढताना त्याला ६.२ ने भागायचं असतं. म्हणजे किलोमागे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि ६० किलोच्या माणसाला दिवसाला जवळपास ४ ग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल असतील तर रोज आठ. बाटलीवर 'दिवसातून दोन' लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या प्रयोगाचा हवाला दिलेला आहे, त्याच्या पाव डोस आपण विकत घेत असतो, आणि आठ घ्यायच्या म्हटल्या तर माणसात त्या सुरक्षित आहेत का, हे कुणी तपासलेलं नसतं.

आता तुमच्या घरी आलेल्या तीन वस्तू एकेक करून बघू. मिल्क थिसल आधी घेतो, कारण तिघांत त्याचीच बाजू सगळ्यात भक्कम आहे.

हे भूमध्य समुद्राकडचं जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप. याच्या बियांतून सिलिमरिन काढतात. विषारी अळंबी खाऊन लिव्हर निकामी होऊ घातलेल्या पेशंटला युरोपात याच्यातलं सिलिबिनिन शिरेतून देतात, म्हणजे औषध म्हणून याला मान आहे. मधुमेहावरही माणसांत काम झालं आहे. इटलीत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूने सिरॉसिस झालेल्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या ६० मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम सिलिमरिन दिलं. त्यांची साखर आणि इन्सुलिनची गरज दोन्ही उतरली. इराणमध्ये २००६ साली ५१ टाइप २ रुग्णांच्या अभ्यासात २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, चार महिने दिल्यावर एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, कमी झालं. दोन्ही अभ्यास लहान आहेत, हे ध्यानात ठेवा. सगळ्यात काटेकोर काम मलेशियात झालं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लिव्हरचा तुकडा काढून सूज सिद्ध झालेल्या ९९ रुग्णांना ७०० मिलिग्रॅम तीनदा, म्हणजे दिवसाला २१०० मिलिग्रॅम, किंवा नकली गोळी ४८ आठवडे दिली. ज्या मुख्य कसोटीसाठी अभ्यास आखला होता, म्हणजे सुजेच्या एकूण गुणांत ठरावीक घट, त्यावर सिलिमरिन नापास झालं. दुय्यम कसोटीत मात्र फायब्रोसिस सुधारलेल्यांचं प्रमाण २२.४ टक्के निघालं आणि नकली गोळीवाल्यांत ६ टक्के. मुख्य कसोटीत नापास आणि जोडविषयात चांगले मार्क, असा हा निकाल. आशा ठेवायला जागा आहे, भरवसा ठेवायला नाही.

सिलिमरिनने लिव्हरला इजा झाल्याच्या खात्रीच्या नोंदी नसल्यातच जमा आहेत. पोट बिघडणं, क्वचित ॲलर्जी, एवढंच. म्हणून पेशंटने फारच आग्रह धरला तर मी याला आडवा जात नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो. लेबलवर 'मिल्क थिसल ५०० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर त्यावरून काही कळत नाही, 'सिलिमरिन अमुक मिलिग्रॅम' असं लिहिलेलं हवं. चांगल्या अर्कात ते ७० ते ८० टक्के असतं, नुसत्या बियांच्या भुकटीत फारच थोडं. आणि त्याच्या बियांचा चहा करून पिणं व्यर्थ आहे, कारण सिलिमरिन पाण्यात नीट विरघळत नाही. ग्लिमेपिराइड चालू असताना साखर थोडी जास्तच उतरू शकते, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे ग्लुकोमीटर हाताशी ठेवा.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल मला जास्त बोलायचं आहे. कारण हळद म्हटली की आपल्याकडे कुणीच सावध होत नाही. नवरानवरीच्या अंगाला लागते ती, दुधात पडते ती, तिची भीती कसली! आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी प्रमेहासाठी, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांसाठी, हळद आणि आवळा या जोडीला पहिला मान दिला आहे. आधुनिक अभ्यासही आहेत. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० लोकांवर ९ महिने झालेल्या, २०१२ साली छापून आलेल्या अभ्यासात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, घेणाऱ्यांपैकी कुणालाच मधुमेह झाला नाही, नकली गोळीवाल्यांपैकी १६.४ टक्क्यांना झाला. इतका चांगला निकाल बघून मला आनंदापेक्षा शंका जास्त आली, पण नोंद आहे ती आहे.

आता हिशेब करू. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. घरच्या जेवणातून माणसाच्या पोटात दिवसाला दोन-तीन ग्रॅम हळद जाते असं धरलं तर कर्क्युमिन होतं ६० ते ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं आतड्यातूनच निघून जातं. '९५ टक्के कर्क्युमिनॉइड' लिहिलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एक कॅप्सूल झाली पंधरा-सोळा ग्रॅम हळदीएवढी. त्यात वर मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवलं की २० मिलिग्रॅम पायपरिनबरोबर दिल्यास माणसाच्या रक्तात जाणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढतं. जाहिरातवाले हा आकडा मिरवतात. पण आतडं आणि लिव्हर जे अडवत होते, ते आता आत जाऊ लागलं, हा त्याचा दुसरा अर्थ. फोडणीतली हळद आणि ही कॅप्सूल यांचं नाव तेवढं एक. आजीने कधी डब्यातली तीन चमचे हळद मिऱ्याच्या अर्काबरोबर रोज दोनदा, सहा महिने चारली नव्हती.

परिणाम दिसायला लागले आहेत. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ साली हळदीच्या पूरकांमुळे, म्हणजे अशाच कॅप्सूल-गोळ्यांमुळे, लिव्हर दुखावलेले १० रुग्ण नोंदवले. त्यातल्या पाचांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एच.एल.ए.-बी*३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, ठरावीक ठेवणीच्या माणसांना होतं, आणि आपण त्यांतले आहोत की नाही हे बाटली उघडताना कुणालाच माहीत नसतं. इटलीतही अशा हेपटायटिसच्या केसेस आल्या, आणि हळदीच्या पूरकांवर लिव्हरला फायदा होतो असं लिहायला तिथल्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली मनाई केली. ग्रीन टीच्या अर्काचं तेच. कपातला चहा ठीक, पण अर्कातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं की काहींचे एन्झाइम चढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं. तुमचे मिस्टर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, घेत असतील, तर कर्क्युमिनच्या मोठ्या डोसने रक्तस्रावाची भर पडू शकते, तेही आहेच.

तिसरी गुळवेल. कोविडच्या काळात घराघरांत तिचा काढा उकळत होता. मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केले. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता, आणि पुष्कळांचं चित्र ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटलेली. विचार केला तर यात नवल नाही. जी वनस्पती 'इम्युनिटी वाढवते' म्हणून घेतली, तिने इम्युनिटीच चाळवली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, तिच्या खोडावर बारीक गाठी असतात, आणि लोकांनी चुकून ती घेतली असावी, असं त्यांचं म्हणणं. ही शक्यता मी नाकारत नाही. पण मग बाटलीतल्या रसात कुठली वेल आहे हे तुम्ही आणि मी कसं ओळखायचं? रसाला गाठी नसतात.

माझ्याकडे त्या वर्षी एक शिक्षिका आल्या होत्या. मधुमेह, थायरॉइड, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. सगळ्या व्हायरसच्या तपासण्या निगेटिव्ह. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "औषध काही नाही हो डॉक्टर, फक्त रोज सकाळी गुळवेल." काढा बंद केला, काही आठवडे स्टेरॉइड द्यावं लागलं, आणि त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून मी पेशंटला 'कुठलं औषध घेता' असं विचारतच नाही. 'सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं' असं विचारतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आता कुणीतरी सुचवेलच, म्हणून भुईआवळा आणि कुटकीबद्दल थोडं. भुईआवळ्याचं नाव गाजलं ते १९८८ साली. मद्रासच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं की हेपटायटिस बी चे ५९ टक्के वाहक महिनाभराच्या उपचारानंतर निगेटिव्ह झाले. जगभर खळबळ उडाली, पण पुढे इतरांना तो निकाल पुन्हा मिळाला नाही. कुटकीची गोष्ट बरी आहे. १९९६ साली मुंबईत व्हायरल हेपटायटिसच्या मोजक्या रुग्णांवर ३७५ मिलिग्रॅम तीनदा, दोन आठवडे देऊन पाहिलं, तेव्हा कावीळ लवकर उतरली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यापासून पिक्रोलिव्ह नावाचा प्रमाणित अर्कही काढला. पण व्हायरसची कावीळ हा एक आजार आणि मधुमेहाचं चरबीचं लिव्हर हा दुसरा.

खरं तर आपल्याकडच्या 'लिव्हरच्या औषधां'ची बरीचशी कीर्ती काविळीवरच उभी आहे. दूषित पाण्याने होणारी ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. मग त्या दिवसांत गळ्यात माळ घातली, नाकात थेंब टाकले किंवा पाला वाटून प्यायला, तरी श्रेय त्याला मिळतं. फॅटी लिव्हर असं आपोआप ओसरत नाही, म्हणून तिथे ही औषधं उघडी पडतात. कुटकी असलेली आरोग्यवर्धिनी कुणी देऊ केली तर हेही लक्षात असू द्या की त्या गोळीत पारा, गंधक आणि ताम्रभस्म असतं. ती वैद्यांच्या देखरेखीची गोष्ट आहे, दुकानातून उचलून आणायची नव्हे. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

कारल्याचा रस, मेथीच्या कॅप्सूल, दारुहळदीतलं बर्बेरिन, हे सगळे साखर थोडीफार उतरवतात. त्यामुळेच ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाला त्यांची भर पडली की दुपारी घाम फुटून हातपाय थरथरतात. बर्बेरिन लिव्हरमधले काही एन्झाइमही अडवतं आणि इतर गोळ्या रक्तात साचू शकतात. भाजीतलं कारलं आणि भिजवलेली चमचाभर मेथी यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता मिस्टरांचं. तुमच्याकडे आहेत त्याच रिपोर्टवरून एक हिशेब होतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एस.जी.ओ.टी., भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एस.जी.पी.टी.चं वर्गमूळ. ५४ गुणिले ४८ म्हणजे २५९२. ६४ चं वर्गमूळ ८, त्याला १८० ने गुणलं की १४४०. भागाकार १.८. हा १.३ च्या खाली असता तर मी निश्चिंत झालो असतो, २.६७ च्या वर असता तर आजच लिव्हरतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. १.८ अधलामधला आहे, म्हणून फायब्रोस्कॅन करून घ्या. त्यात लिव्हर किती कडक झालं ते किलोपास्कलमध्ये कळतं. ८ च्या खाली आलं तर दम खायला वेळ आहे, वर आलं तर तज्ज्ञांकडे जा. ही तपासणी तुमच्या त्या तीन बाटल्यांच्या आधी व्हायला हवी होती.

आणि वजन. क्यूबात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २९३ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभर फक्त आहार आणि व्यायाम होता. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची लिव्हरची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिसही मागे हटला. मलेशियातल्या त्या २२ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा. मिस्टर ८० किलोचे असतील तर ८ किलो. रात्रीच्या ताटातला भात, चहातली साखर आणि संध्याकाळचं फरसाण इथून सुरुवात करा. दारू असेल तर पूर्ण बंद. डॉक्टरांना हेही विचारा की ग्लिमेपिराइडऐवजी वजन उतरवणारं आणि लिव्हरलाही उपयोगी पडणारं औषध बसतं का. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०२५ साली लिव्हरच्या सुजेसाठीही मान्यता मिळाली आहे. आपल्याकडे सॅरोग्लिटाझारला २०२० पासून आहे. कुणाला कुठलं द्यायचं ते फायब्रोस्कॅननंतर ठरेल.

अर्कच हवा असेल तर एक मी आनंदाने सुचवतो: कॉफी. बिनसाखरेची, दिवसाला दोन-तीन कप. रोज कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा फायब्रोसिस कमी आढळतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कॉफी पाजून केलेला पक्का प्रयोग नाही, म्हणून मी औषध म्हणून लिहून देत नाही. पण बी भाजून पाण्यात उतरवलेला तो अर्कच आहे, आणि माणसं पिढ्यान्पिढ्या याच डोसात तो पीत आली आहेत.

हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेल आजपासून थांबवा. मिल्क थिसलही तूर्त बाजूला ठेवा, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा. चार ते सहा आठवड्यांनी एस.जी.पी.टी. पुन्हा करा. मधेच लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर सहा आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि त्या तीन बाटल्या रागाने फेकून देऊ नका. लेबलासकट पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा. काही झालंच असेल तर ते कशामुळे, हे शोधायला त्याच लागतील.